पँ : फ्रेंच पाव आणि त्याच्या भानगडी

कोथिंबिरीची_काडी

मंडळी, फ्रेंचमध्ये पावाला पँ म्हणतात. नाकातून म्हणायचं, शेवटचा न गिळून टाकायचा. क्लासला गेलात तर पहिल्या-दुसऱ्या धड्यातच भेटतो, दूध सफरचंद पाव, आणि आपल्याला वाटतं झाला पाठ, पुढे चला. पण लियोंला नोकरीसाठी आल्यापासून बघतेय, ऑफिसात, ट्राममध्ये, टीव्हीवरच्या चर्चांत लोक दिवसभर पँ पँ करत असतात आणि निम्म्या वेळा त्यात खाण्याचा संबंधच नसतो. म्हणून हा धागा. मला माहितीय ते लिहिते, बाकी जाणकारांनी भर घाला.

सगळ्यात जास्त कानावर पडणारा प्रकार म्हणजे 'आव्वार द्यु पँ स्युर ला प्लाँश', म्हणजे फळीवर पाव असणे. अर्थ काय, तर ढीगभर काम पडलंय. सोमवारची मीटिंग संपताना मॅनेजर लॅपटॉप मिटत हे म्हणणार म्हणजे म्हणणारच. आता गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात याचा अर्थ बरोब्बर उलटा होता. फळीवर पाव आहे म्हणजे घरात साठा आहे, काही दिवस हातपाय हलवले नाहीत तरी भागेल, आपल्याकडे कणगी भरलेली आहे म्हणायचे तसं. कारण खेड्यात काही रोज भट्टी पेटवत नसत, एवढा लाकूडफाटा परवडणार कोणाला, त्यामुळे मोठेमोठे गोल पाव एकदम भाजायचे आणि उंदरांपासून वाचवायला वर टांगलेल्या फळीवर ओळीने मांडून ठेवायचे. आल्प्समधल्या व्हिलार-दारेन गावात तर राय नावाच्या धान्याचा पाव वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर, गावच्या सामायिक भट्टीत भाजायचे आणि तो वर्षभर पुरवायचा, वाळून दगड व्हायचा, सूपमध्ये बुडवल्याशिवाय दात लागायचा नाही. पुढे लोक पाव विकत घ्यायला लागले, घरातली फळी गेली, म्हण मात्र राहिली. मग फळी म्हटल्यावर डोळ्यासमोर बेकरीतली यायला लागली असावी, जिच्यावर मळलेले गोळे भट्टीत जायची वाट बघत पडलेत ती. साठ्याचा झाला बॅकलॉग.

दुसरा माझा लाडका, 'सा माँज पा द पँ'. हे काही पाव खात नाही. म्हणजे करून ठेवायला काय हरकत आहे, आपलं काय जातंय. अर्ज टाकून ठेव, फोन करून बघ, सा माँज पा द पँ. सतराव्या शतकात म्हणे घरात नुसत्या पडून असलेल्या वस्तूंबद्दल, जुन्या कागदपत्रांबद्दल असं म्हणत, असू दे पडलेलं, खायला मागत नाही. आपल्या 'खायला काळ भुईला भार'ची ही उलटी बाजू.

आणि याच्याशी गल्लत करू नका अशी तिसरी : 'ज न माँज पा द स पँ-ला', असला पाव मी खात नाही. कोणी दोन नंबरचा मार्ग सुचवला की हे म्हणायचं, असल्या धंद्यात मी पडत नाही. मान ताठ करून म्हणायचं वाक्य आहे, हळू आवाजात जमत नाही.

पटापट बाकीचे. 'कॉम दे पती पँ' विकलं जाणं म्हणजे हातोहात खपणं. 'पूर युन बुशे द पँ', एका घासाच्या पावाला घेतलं, म्हणजे मातीमोलाने. 'लों कॉम अँ जूर साँ पँ', पावाविना दिवसासारखं लांबलचक, हे भाषणाला म्हणतात, सरकारी फॉर्मला म्हणतात आणि उंच हडकुळ्या माणसालाही म्हणतात. कोणाच्या 'तोंडचा पाव काढणे' म्हणजे आपलं पोटावर पाय देणे. 'पांढरा पाव आधी खाणे' म्हणजे चांगले दिवस सुरुवातीलाच उपभोगून टाकले, आता काळा पाव उरलाय, भोगा.

माझं निरीक्षण असं की एवढ्या पावाच्या म्हणींत चव जवळपास नाहीच. खमंग, खुसखुशीत, वासानं भूक लागली, असलं काही नाही. जे आहे ते टंचाई, भाव, काम आणि कोणी कोणाचा काढला. पर्यटकांना बागेत (तो काठीसारखा लांब पाव) काखोटीला मारलेला फ्रेंच माणूस दिसतो, भाषेत मात्र अजून तो रांगेत उभा आहे. पटतंय का?

टवाळ_कार्टं

पहिल्यांदा पॅरिसला गेलो तेव्हा दर चार दुकानांमागे पाटीवर इंग्रजी पेन (pain, दुखणं) लिहिलेलं, मला वाटलं हाडवैद्यांची पेठ आहे. स्पेलिंग सेम टु सेम ना.

बाकी लेख भारी. वाचनखूण साठवली.

जुना_पुणेकर

उत्तम धागा. आम्ही अकरावीला फ्रेंच घेतलं ते निव्वळ मार्कांसाठी, त्यामुळे पुस्तकात पँ होता पण तो शेवटपर्यंत फक्त आठवड्याच्या खरेदीच्या यादीतच राहिला. नंतर रीतसर शिकलो तेव्हा कळलं की 'कोपँ' म्हणजे दोस्त, यातही तोच पाव बसलाय. लॅटिन 'पानिस' म्हणजे पाव आणि 'कुम' म्हणजे सोबत, ज्याच्यासोबत पाव मोडून खातो तो सोबती. 'कोंपान्यों' तिथलाच आणि इंग्रजीत गेलेली 'कंपनी'सुद्धा तीच, म्हणजे आपल्या एमआयडीसीतली प्रत्येक प्रायव्हेट लिमिटेड मुळात पंगत आहे. 'पानिए' म्हणजे टोपली, ती मुळात पावाचीच. 'पानाद' म्हणजे शिळा पाव पाण्यात शिजवून केलेली पेज, आणि 'दाँ ला पानाद' असणे म्हणजे पार खंक होणे, अडचणीत सापडणे.

काडीताई, तुमच्या निष्कर्षाला मात्र छोटा विरोध. 'बों कॉम ल पँ' विसरलात? पावासारखा भला माणूस. हे काही टंचाईचं नाही.

कोथिंबिरीची_काडी

काका, बरोबर, ते आहे. पण बघा ना, तिथेही माणूस चविष्ट नाही, भला आहे, पोटाला लागणारा आहे. सासूबाई एखाद्याबद्दल 'गरीब गाय' म्हणतात त्या सुरात येतं ते बऱ्याचदा. शिवाय वापरात हल्ली कमी झालंय, तरुण पोरांच्या तोंडी मी फारसं ऐकलं नाही.

टवाळ_कार्टं

पावाला पाव म्हणतात कारण पायाने मळायचे. आज्जी सांगायची आणि म्हणून खायची नाही. फ्रेंचांचा काय संबंध.

पोदेराचो_पूत

आज्जीला नमस्कार सांग पण तसं नाहीये ते. पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव' वरून आला, स्पेलिंगवर तो नागमोडी टिळा असतो आणि उच्चार नाकातूनच. पोर्तुगीज पांव, फ्रेंच पँ, स्पॅनिश पान, इटालियन पाने, सगळी त्या काकांनी सांगितलेल्या पानिसची नातवंडं. म्हणजे वडापावातला पाव आणि बागेत हे सख्खे चुलत, पायाचा दोष नाही त्यात.

आमच्या गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर, पोर्तुगीज 'पादेइरु' वरून. अजून सकाळ-संध्याकाळ सायकलला टोपली बांधून भोंगा वाजवत येतो, वर निळं प्लास्टिक टाकलेलं असतं, ते उचललं की वाफ येते. उंडो वेगळा, कातऱ्यांचो वेगळा, कांकण वेगळं, कोंड्याची पोय वेगळी. पूर्वी यीस्ट कुठलं, माडाची सूर घालून पीठ फुगवायचे.

म्हणींचं म्हणाल तर पोर्तुगीजमध्ये पण पाव तोंडात बसलेला आहे. 'पांव पांव, केइजु केइजु', पाव तो पाव आणि चीज ते चीज, म्हणजे स्पष्ट काय ते बोलणं, आडपडदा नाही. आणि माणसानं फार सोसलं असेल तर त्यानं 'सैतानानं मळलेला पाव खाल्ला' म्हणतात. आता सैतानानं हातानं मळला की पायानं ते टवाळाच्या आज्जीलाच विचारा.

काडी, तू म्हणतेस ते पोर्तुगीजलाही लागू पडतंय बघ, चव नाहीच, सैतान आहे.

रानपाखरू

सैतानाचा पाव 😂 घेतला आहे, वापरणार ऑफिसात.

बखरवाचक

चवीऐवजी टंचाई का, याचं उत्तर इतिहासात आहे म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

अठराव्या शतकात पॅरिसच्या मजुराच्या कमाईचा अर्ध्याच्या आसपास भाग नुसत्या पावावर जायचा, आणि पीक बुडालं की त्याहून जास्त. त्यामुळे पावाचा भाव हा राजाच्या इभ्रतीचा प्रश्न. १७७४ मध्ये तुर्गो या मंत्र्याने धान्याचा व्यापार खुला केला, नेमकं पीक वाईट आलं, भाव चढले आणि १७७५ च्या वसंतात ठिकठिकाणी दंगे झाले, त्यांना 'पिठाचं युद्ध' म्हणतात. मग ५ ऑक्टोबर १७८९. पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी ओरडत पावसात चालत व्हर्सायला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी, युवराज यांना घेऊनच परत आल्या. येताना घोषणा काय, तर 'बेकरीवाला, बेकरीवाली आणि बेकरीतला पोऱ्या' घेऊन आलोय. राजाला बेकरीवाला म्हणतायत, कारण पाव मिळायची व्यवस्था करणं हेच त्याचं काम असं लोक मानत. पोऱ्याला शब्द वापरला 'मित्रों', तो आजही बेकरीतल्या शिकाऊ मुलाला वापरतात (आपल्याकडे मित्रों ऐकलं की लोकांच्या पोटात वेगळ्या कारणाने गोळा येतो, ते सोडा).

१७९३ मध्ये तर क्रांतिकारकांनी हुकूमच काढला, श्रीमंतांना मैद्याचा आणि गरिबांना कोंड्याचा असं चालणार नाही, सगळ्यांना एकच 'समतेचा पाव'. वरती काडीताईंनी लिहिलेला पांढरा पाव आणि काळा पाव हा फरक किती बोचत असेल ते यावरून कळावं.

आणि राणीचं ते 'पाव नसेल तर ब्रिओश खा' वाक्य, कृपया आता पुरे. ते रूसोने आत्मचरित्रात एका थोर राजकन्येच्या नावावर लिहिलंय, नाव न देता, आणि त्याने लिहिलं तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात खेळत होती, फ्रान्समध्ये ती १७७० मध्ये लग्न होऊन आली. आणि ब्रिओश म्हणजे केकही नव्हे, लोणी-अंडी घातलेला मऊ पावच.

एक शब्द राहिला. पूर्वी जमीनदाराची भट्टी असायची, 'फूर बानाल', गावातल्यांनी तिथेच पाव भाजायचा आणि त्याचे पैसे मोजायचे अशी सक्ती. सगळ्यांची, सामायिक, म्हणून पुढे 'बानाल' म्हणजे सामान्य, घिसापिटा. इंग्रजीतला बनाल तोच. समीक्षक एखाद्या सिनेमाला बनाल म्हणतात तेव्हा त्याला गावची भट्टी म्हणत असतात.

मधुमालती

बखरवाचक, जमीनदाराच्या भट्टीचं माहीत नव्हतं! अजून लिहा.

युद्धाच्या काळातलं पण आहे ना? आमच्या फ्रेंच शेजारीण आजी पाव टाकून देऊच देत नाहीत, चुरा झाला तर पक्ष्यांना, पण कचऱ्यात नाही. आणि पाव टेबलावर उलटा ठेवला की लगेच हात पुढे करून सुलटा करतात, बोलणं चालू असतानाच, न बघता.

बखरवाचक

हो, जर्मनांच्या ताब्यात असताना पावाला रेशन लागलं आणि युद्ध संपल्यावरही चालूच राहिलं, पूर्ण उठलं १९४९ मध्ये. त्या पिढीची सवय आहे ती. पावाचा भाव तर सरकार १९८० च्या दशकापर्यंत ठरवत होतं.

उलट्या पावाचं म्हणजे, गावातला जल्लाद पाव घ्यायला यायचा, त्याचा पाव बेकरीवाला वेगळा कळावा म्हणून उलटा ठेवायचा अशी आख्यायिका आहे. कोणाला तो हात लावणार नाही. म्हणून उलटा पाव अशुभ. जुनी माणसं कापण्याआधी पावाच्या पाठीवर सुरीने क्रूसही काढतात.

माँट्रियलची_माय

क्यूबेकमधून, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातून, हजेरी. आमच्याकडे एक आहे ती फ्रान्सवाल्यांना सांगितली तरी आतपर्यंत पोचत नाही, 'ने पूर अँ पती पँ', छोट्या पावासाठी जन्मलेला. म्हणजे आपल्या नशिबात एवढंच, जास्त हाव धरू नये. इथे कारखाने, बँका सगळं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात आणि फ्रेंच बोलणारा खाली मान घालून मजुरी करणार, अशी पिढ्यान्‌पिढ्या स्थिती होती, त्यातून आलेलं वाक्य. १९६० नंतर इथे जो बदल झाला, त्याला शांत क्रांती म्हणतात, तो बऱ्याच अंशी या वाक्याविरुद्धच होता असं इथले लोक अजून म्हणतात. राजकारण्यांच्या भाषणात हमखास : आपण छोट्या पावासाठी जन्मलेलो नाही! टाळ्या.

तोंड पाडून बसलेल्याला 'भट्टीतला एक पाव हरवला का' म्हणतात. आणि फ्रान्समध्ये दूध-अंड्यात बुडवून तळलेल्या शिळ्या पावाला पँ पेर्द्यु, वाया गेलेला पाव, आमच्याकडे तोच पँ दोरे, सोनेरी पाव. नाव ठेवण्यात तरी आम्ही आशावादी.

काडी, तुझ्या मुद्द्याला +१. इथे तर पाव थेट लायकी मोजायचं माप झालाय.

कोथिंबिरीची_काडी

माय, हे फारच छान, छोट्या पावाचं खरंच माहीत नव्हतं. इकडे पती पँ म्हटलं की गिऱ्हाईक तुटून पडतंय आणि तिकडे तोच पती पँ म्हणजे नशीब फुटकं.

आता जरा खालच्या पट्टीतलं. पँ म्हणजे ठोसा पण. 'कोले अँ पँ', एक ठेवून देणे. सभ्य घरात बोलू नये. यात फ्रेंचांनी स्वयंपाकघर अख्खं रिकामं केलंय : तार्त म्हणजे थोबाडीत, बेन्य म्हणजे तळलेला गोड वडा तोही थोबाडीत, मारों आणि शातेन्य ही दोन्ही चेस्टनटची नावं आणि दोन्ही ठोसे. प्र्युन, म्हणजे प्लम, हा ट्रॅफिक पोलिसाचा दंड. आपण फक्त चमाट आणि धम्मकलाडू दिले, यांनी पूर्ण बेकरी आणि फळबाग.

मळण्या-भाजण्याचंही तेच. 'पेत्रँ' म्हणजे कणीक मळायची लाकडी काथवट, आणि 'दाँ ल पेत्रँ' असणे म्हणजे लफड्यात रुतणे. ज्यांनी हातानं मैदा मळलाय त्यांना कळेल, ओल्या पिठात हात घातला की जितकं सोडवायला जावं तितकं चिकटतं. 'पिठात घोळवणे' म्हणजे एखाद्याला गंडवणे, टोपी घालणे. नाटक पडलं तर 'फूर' झाला, भट्टी. पावाच्या वरच्या कडक भागाला क्रूत म्हणतात, ते 'मोडणे' म्हणजे काहीतरी चटकन खाऊन घेणे आणि ते 'कमावणे' म्हणजे पोट भरणे. सरळ 'गान्य-पँ', पाव कमावणारं, असाही शब्द आहे, पोटापाण्याच्या धंद्याला.

आणि पेपरात येणारं 'पँ बेनी'. चर्चमध्ये मंतरून वाटायचा पाव तो. विरोधी पक्षाला सरकारची चूक सापडली की ते त्यांच्यासाठी पँ बेनी, आयतं कोलीत. फुटबॉलच्या बातम्यांत पण दर आठवड्याला.

ठेका_चुकला

पॅरिसात फ्युजनवाल्यांसोबत वाजवतो, आमच्यात पँ म्हणजे चुकीचा सूर. ट्रम्पेटवाला कार्यक्रम संपल्यावर येऊन म्हणतो, दुसऱ्या गाण्यात मी मोठ्ठा पँ टाकला, ऐकलास का. मी ऐकला होता, सगळ्या हॉलने ऐकला होता. हा वादकांच्या बोलीतलाच शब्द आहे, बाहेर बोललात तर लोकांना ठोसाच वाटेल.

जुना_पुणेकर

न खाण्याचे अर्थ निघालेच आहेत तर : साबणाची वडी ती 'पँ द साव्हों', साखरेचा तो जुना शंकू 'पँ द स्युक्र', आणि त्यावरून रिओ द जानेरोच्या त्या उभ्या डोंगराचं नाव. स्फोटकाची लादी पण पँच. आकार दिलेला गोळा किंवा लादी, जे काय असेल ते पँ. आपण पाव लादीने मोजतो, ते साबण पावाने मोजतात.

एक व्याकरणाची चुटकी. पावाच्या आतल्या मऊ भागाला 'मी' म्हणतात, त्यामुळे जुन्या फ्रेंचमधलं 'मा मी', माझी प्रिये, वाचून आमच्या वर्गात एकाने 'माझा पावाचा गाभा' असं भाषांतर केलं होतं. मुळात ते 'माझी मैत्रीण' मधला म चुकीच्या जागी तोडल्याने झालंय, पावाचा काही संबंध नाही.

तुलूझकर

सगळं वाचलं, सगळं मान्य, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घातला नाही. चॉकलेट घातलेल्या त्या चौकोनी पदार्थाला पँ ओ शोकोला म्हणणारे लोक चुकीचे आहेत. तो शोकोलातीन आहे. पँ ओ शोकोला म्हणजे पावात चॉकलेटची पट्टी घालून शाळकरी पोरं खातात ते. पापुद्र्याचा आहे हो, पाव कुठे आहे त्यात?

कोथिंबिरीची_काडी

आलेच का नैऋत्यवाले 🙏 बाकीच्यांसाठी : तुलूझ-बोर्दो पट्ट्यात शोकोलातीन, जवळपास उरलेल्या फ्रान्सात पँ ओ शोकोला, उत्तरेत काही ठिकाणी नुसतं पती पँ. यावरून खरोखर भांडणं होतात. २०१८ मध्ये काही खासदारांनी शोकोलातीनसारख्या प्रादेशिक नावांना मान मिळावा म्हणून थेट संसदेत दुरुस्ती मांडली होती. फेटाळली गेली.

रानपाखरू

आपल्याकडे साबुदाणा उसळ की खिचडी यावर विधानसभेत दुरुस्ती आली पाहिजे.

टवाळ_कार्टं

उसळच. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत थांबतो.

बखरवाचक

पँ ओ शोकोलाने एका मोठ्या नेत्याला चांगलंच अडचणीत आणलं होतं. २०१६ मध्ये रेडिओवर त्यांना त्याची किंमत विचारली, ते म्हणाले असेल दहा-पंधरा सेंट. खरी किंमत युरोच्या आसपास. लगेच 'तुम्ही कधी दुकानात गेला आहात का' सुरू. अडीचशे वर्षांत प्रश्न तोच आहे, राज्य करणाऱ्याला पावाचा भाव माहीत आहे का.

मधुमालती

बागेतचा अर्थ काडी ना? आणि युनेस्कोचं काय झालं होतं?

कोथिंबिरीची_काडी

हो, बागेत म्हणजे काठी, छडी. जादूगाराची कांडी पण बागेत, चायनीज खायच्या काड्या पण बागेत, ड्रमच्या काठ्या पण. माझ्या आयडीशी संबंध नाही, ती कोथिंबिरीची आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने बागेत बनवण्याची कला आणि तिच्याभोवतीची संस्कृती वारशाच्या यादीत घेतली.

त्याहून कामाची गोष्ट १९९३ चा सरकारी आदेश. सुपरमार्केटातल्या गोठवलेल्या पावाने बेकऱ्या बुडायला लागल्या तेव्हा ठरवलं की 'फ्रेंच परंपरेचा पाव' हे नाव लावायचं तर कुठल्याही टप्प्यावर गोठवायचा नाही, ॲडिटिव्ह नाहीत, पीठ पाणी मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण. पुढे १९९८ मध्ये कायदाच केला, मळणं ते भाजणं जागेवर होत नसेल तर दुकानावर 'बुलांजरी' पाटी लावता येत नाही. बघा, कायदा पण शब्दावरच.

शेवगाशेंग

उशिरा आलो. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन पॅरिसला जातोय, बाबांना शुगर आहे, आई चौकस आहे. पाव मागायचा कसा ते नीट सांगा ना कोणीतरी, म्हणी नंतर शिकतो.

कोथिंबिरीची_काडी

आधी बोंजूर. ते न म्हणता थेट मागितलंत तर पाव मिळेल पण चेहरा दिसेल. साधी बागेत घेऊ नका, 'युन त्रादिसियों' म्हणा, लोक नुसतं त्रादी म्हणतात, वीस-तीस सेंट जास्त पडतात आणि फरक पहिल्या घासाला कळतो. कडक हवी तर 'बियँ क्वित', फार भाजलेली नको तर 'पा त्रो क्वित'. एकट्या माणसासाठी अर्धी पण कापून देतात, संकोच नको. नुसतं 'युन क्वित' असं म्हणू नका मात्र, दारू पिऊन तर्र होण्याला क्वित म्हणतात.

रेस्टॉरंटमध्ये टोपलीतला पाव आणि जगमधलं साधं पाणी जेवणासोबत फुकट असतं, आईंना सांगा घाबरून परत करू नका. पावाला वेगळी बशी देत नाहीत, टेबलावरच ठेवायचा, सुलटा.

शेवगाशेंग

आणि बाबांसाठी?

तुलूझकर

'पँ कोंप्ले' मागा, अख्ख्या गव्हाचा. किंवा 'पँ द सेग्ल', रायचा, जड असतो पण पोटात टिकतो. कोंड्याचा हवा असेल तर 'पँ ओ सों'. काप करून हवे तर 'त्रांशे' म्हणा, मशीनवर कापून देतात. संध्याकाळी सातनंतर गेलात तर कोंप्ले बहुतेक संपलेला असतो आणि फक्त पांढरा उरतो, त्यामुळे सकाळीच आणून ठेवा. शोकोलातीन बाबांना देऊ नका, तुम्ही खा.